पालवीचं वर्ष

संक्रांतीच्या सुमाराला मामांकडे गेले होते. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत वळल्यावर लागणारं गाव. घराच्या मागे परड्यात एक जुना रायवळ आंबा आहे. त्या दिवशी तो शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत पालवीने भरला होता. तांबूस, मऊ, अजून ताठ न झालेली पानं. हात लावला तर ओल्या रेशमासारखी थंड लागणारी, सकाळच्या उन्हात आरपार दिसणारी. मामेबहिणीची मुलगी हुबळीला शिकते. ती मोबाईल उंच धरून झाडाभोवती फिरत होती आणि तिथल्या तिथे रील करून टाकूनही मोकळी झाली. मामी पदराला हात पुसत मागच्या दाराने बाहेर आल्या, झाडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "माजलंय मेलं."

"किती छान दिसतंय की गं आजी!"

"छान दिसून काय करायचंय? मोहोर कुठाय त्याला? लोणच्याच्या कैऱ्या आता मी बाजारातनं आणतो काय?"

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'आणतो, जातो' असंच बोलतात. पोरगी हसली, मामीही थोड्या हसल्या आणि आत गेल्या. विषय तिथेच संपला. मी मात्र त्या झाडाखाली उगाच घुटमळत राहिले, कारण पोरगी सांगत होती ते डोळ्यांना पटत होतं आणि मामी म्हणत होत्या तेही खोटं नव्हतं. झाड खरंच सुंदर दिसत होतं. पण जानेवारीत ते तसं दिसायला नको होतं. त्या वेळी त्याच्यावर फिकट पिवळसर तुरे हवेत, त्यांचा तो किंचित आंबूस गोड वास हवा, खाली मोहोराची पूड पडलेली हवी, माश्यांची गुणगुण हवी. त्यातलं काहीच नव्हतं. होती ती फक्त हिरवाई, तीही अगदी निरोगी दिसणारी.

परतताना बसच्या खिडकीतून सगळी झाडं मी संशयाने बघत होते.

आंब्याच्या फांदीच्या टोकाला जो डोळा असतो त्यातून पुढे काय निघणार हे आधीपासून ठरलेलं नसतं. पानंही निघू शकतात, मोहोरही. पावसाळा वेळेवर आवरला, माती थोडी वाळली, आधीची पानं पुरती जून झाली आणि रात्री 15 अंशांच्या आसपास उतरायला लागल्या की डोळा मोहोराकडे वळतो. पाऊस नोव्हेंबरापर्यंत रेंगाळला, मुळाशी ओल राहिली, रात्री उबदारच गेल्या, तर त्याच डोळ्यातून पालवी फुटते. कोकणातले बागायतदार म्हणून तर कल्टार घालतात. थंडी जे काम करते त्यातलं थोडंफार ते औषध करतं. परड्यातल्या रायवळाला कोण कल्टार घालणार? त्याने मिळतील तेवढ्या थंड रात्रींवर भागवायचं. आता, एका झाडाच्या एका वर्षावरून हवामानाचा निकाल लावणं बरोबर नाही, हे मला कळतं. रायवळ तसाही सालाआड धरतो, आणि मामींचा हा आंबा पूर्वीही अधूनमधून रुसत आलेला आहे. पण पूर्वी तो रुसला की गावातले बाकीचे आंबे धरायचे. यंदा तसं झालं नाही. शेजारच्या घरी पालवी, देवळामागे पालवी, खाली ओढ्याकाठी अर्ध्या झाडावर पालवी आणि अर्ध्यावर तुरळक मोहोर.

बेळगावची थंडी हा आमच्या लहानपणी अभिमानाचा विषय होता. पाहुणे यायचे ते गरिबांचं महाबळेश्वर बघायला. टिळकवाडीतल्या जुन्या घरांत पंखा नसायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून सायकलने शाळेत जाताना डिसेंबरात बोटं बधिर व्हायची, हँडल धरलेला हात स्वेटरच्या बाहीत ओढून घ्यावा लागायचा. दुपारी कितीही तापलं तरी रात्री गोधडी लागायचीच. आता आमच्याच गल्लीत भिंतीभिंतीवर एसीची खोकी लोंबतायत. दुपारचं ऊन सगळ्यांना जाणवतं, त्याच्या बातम्या होतात, आकडे छापून येतात. मला जास्त खटकतो तो रात्रीचा बदल. पहाटे चारला उठून खिडकी उघडावी आणि बाहेरची हवा आतल्याइतकीच कोमट लागावी, हे या गावात मला अजून सवयीचं झालेलं नाही.

झाडांनाही तो रात्रीचाच बदल जास्त भोवतो, हे पुढे वाचत गेले तेव्हा कळलं. दिवसा पान उन्हातून साखर बनवतं, ती झाडाची मिळकत. रात्री कमाई बंद, पण श्वास चालूच, म्हणजे खर्च चालू. हवा जितकी गरम तितका हा खर्च वाढत जातो. थंड रात्रीत झाडाच्या हातात जे शिल्लक राहतं, ते उबदार रात्रीत घरखर्चातच संपतं. मग फळ धरायला, बी भरायला, खोडाची जाडी वाढवायला उरणार काय? बाहेरून मात्र यातलं काही दिसत नाही. पानं जागच्या जागी असतात, हिरवी असतात.

दिवसाची अडचण वेगळी. पानाच्या खालच्या बाजूला बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. तिथूनच कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि तिथूनच पाण्याची वाफ बाहेर जाणार. घाम यावा तसं ते पाणी पानाला थंड ठेवतं. हवा 1 अंशाने तापली की तिची वाफ धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे ती पानातून तेवढं जास्त पाणी ओढायला बघते. झाडापुढे दोनच वाटा राहतात. तोंडं उघडी ठेवली तर पाणी जातं, मिटली तर उपास घडतो आणि पानही तापतं. आपल्याकडच्या पानझडी झाडांनी यावर फार जुना तोडगा काढलाय: ताण वाढायच्या आत पानंच टाकून द्यायची. सागवान फेब्रुवारी-मार्चात बोडकं होतं ते मरगळून नव्हे, हिशेबाने. सदाहरित झाडांकडे ही सोय नाही. जांभूळ, अंजनी, फणस यांना उन्हाळाभर पानं वागवायची असतात.

मार्चच्या अखेरीस चोर्ल्याच्या अलीकडे, सड्यावर, भर दुपारी थांबलो होतो. तिथला जांभा दगड इतका तापलेला की चपलेच्या तळातून चटका कळत होता. कडेला अंजनीचं झुडूप होतं. निळ्या फुलांचा बहर संपत आलेला, काही फुलं काड्यांना चिकटून सुकलेली. एक पान वरच्या बाजूने बोटांत धरलं तर चांगलंच गरम होतं, चहाचा पेला धरल्यावर जाणवावं इतकं. त्याच झुडपात हात आत घालून सावलीतलं पान धरलं तर जवळपास गार. वीतभर अंतरात इतका फरक! उन्हातल्या पानाचं तापमान हवेपेक्षा बरंच चढू शकतं, हे तोवर फक्त वाचलं होतं. 2023 साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता; अंतराळ स्थानकावरच्या उपकरणाने उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या शेंड्यांचं तापमान मोजून केलेला. तिथल्या झाडांच्या पानांतली साखर बनवायची यंत्रणा सरासरी 46.7 अंशांच्या आसपास कोलमडायला लागते, असं त्यात होतं. आज त्या रेषेच्या पलीकडे जाणारी पानं अगदी थोडी आहेत, शेकडा 0.01 इतकी. हा आकडा वाचून आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ती सरासरी आहे, आणि सड्यावरची, रस्त्याकडेची, डांबराच्या धगीत उभी असलेली झाडं कुठल्याच सरासरीत बसत नाहीत. खानापूरच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा दोन्ही बाजूंची सावली गेली. जी झाडं मागच्या ओळीत होती ती अचानक पुढच्या ओळीत आली. आयुष्यभर सावलीत वाढलेल्या खोडांवर थेट ऊन पडायला लागलं. त्यांतली काही आता एका अंगाने वाळत चालली आहेत. त्याचं कारण कुणी विचारत नाही, कारण तोडली गेली त्यांचीच मोजदाद होते.

आपल्या भागाची गंमत अशी की जंगलाचे सगळे प्रकार एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. कणकुंबीला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, बेळगाव शहरात 1,300 च्या आसपास आणि तिकडे सौंदत्तीला पोचेपर्यंत 600 च्या घरात. पहाटे चोर्ल्याहून निघालं तर शेवाळलेली खोडं, वेली, ओल्या पानांचा कुबट वास. खानापूरपर्यंत ऐन, नाणा, किंजळ, साग. बेळगाव ओलांडलं की झाडं बुटकी आणि विरळ होत जातात. आणि दुपारच्या जेवणाला यल्लम्माच्या डोंगराखाली पोचावं तर बाभळी, बोरी आणि काळी जमीन. सीमेवर वाढलेल्या माणसाचं लक्ष कुठलीही हद्द दिसली की तिकडे जातंच. आमच्या दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या रेषेवर वाद घालण्यात गेलं, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला त्यालाही आता एक जन्म लोटला. हिरव्यागार रानाची आणि पानझडी रानाची हद्द मात्र कुठल्या आयोगाने आखलेली नाही. ती पाऊस आणि उष्मा मिळून आखतात, आणि ती सरकू शकते. कुठल्या गावापासून ऐन संपतो आणि कुठून जांभळीची दाटी सुरू होते हे गुराख्यांना तोंडपाठ असतं. त्यांना कागद लागत नाही.

सरकते म्हणजे काय? झाड चालत नाही. एका ठिकाणची रोपं जगेनाशी होतात, दुसऱ्या ठिकाणची जगायला लागतात. म्हातारी झाडं जागीच उभी असतात म्हणून आपल्याला वाटतं की जंगल आहे तसंच आहे. हिमालयात झाडांची वरची सीमा चढत चाललेली दिसते, कारण तिथे चढायला डोंगर आहे. दर 100 मीटर वर गेलं की हवा साधारण 0.6 अंशाने गार होते, तेव्हा ज्याला उष्मा सोसत नाही त्याने वरचा रस्ता धरायचा, हा झाडांचा जुना शिरस्ता. इथे सह्याद्री हजार मीटरच्या आसपासच संपतो. कणकुंबीच्या माथ्यावरचं झाड जाऊन जाऊन जाणार कुठे? पश्चिमेला कडा, खाली गोवा, तिथे आणखी उकाडा. पूर्वेला देश, तिथे पाऊस नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगडचं अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, बारापेडेच्या गुहांमधल्या रॉटनच्या दुर्मिळ वटवाघळामुळे त्याचं नाव दूरवर गेलं. त्या रेषेच्या आत कुऱ्हाड चालवायला बंदी आहे, आणि ती हवीच. पण उष्म्याला कोण अडवणार?

2023 च्या पावसाने दगा दिला ते वर्ष आठवतं. कर्नाटकातल्या 236 तालुक्यांपैकी 223 दुष्काळी जाहीर झाले होते. ज्या खानापूर तालुक्यात पावसाळाभर छत्री मिटायची पंचाईत, तिथल्या विहिरी मार्चातच खरवडायला लागल्या. मागाहून 2024 आलं, जगात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यांत गरम वर्ष. त्या उन्हाळ्यात मामांबरोबर रानात गेले होते. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींची साल असते. मामा एकेका खोडावर कोयत्याच्या मुठीने ठोकत चालले होते. काही ऐनांच्या खोडात पाणी साठतं, तिथे फुगवटा येतो. जुने लोक तिथे खाच पाडून पाणी काढत. मार्च 2024 मध्ये आंध्रातल्या पापिकोंडाच्या जंगलात वनकर्मचाऱ्यांनी अशी खाच पाडली तेव्हा धार लागली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला होता. तो बघूनच मी मामांना विचारलं होतं. त्यांनी एका फुगवट्यापाशी थांबून, जरा विचार करून, कोयता परत कमरेला लावला.

"आहे की नाही बघा तरी."

"असंल तर त्याला लागतंय. नसंल तर उगाच जखम कशाला?"

पाण्याचा ताण पराकोटीला गेला की झाडाच्या आत काय होतं ते मी पुढे वाचलं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचे अखंड धागे असतात, आणि वरून पानं ओढतात म्हणून ते चढतात. खाली पाणी कमी आणि वर हवेची ओढ जास्त झाली की धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. थोड्या नळ्या गेल्या तर झाड भागवून नेतं, पुढच्या वर्षी नव्या बनवतं. पुष्कळ गेल्या तर फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात. यात वाईट भाग असा की हा हिशेब लगेच चुकता होत नाही. दुष्काळाच्या वर्षी उभं राहिलेलं झाड पुढच्या चांगल्या पावसातही हिरवं होतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी, कुणाचं लक्ष नसताना, किडीने किंवा बुरशीने जातं. लोक म्हणतात कीड लागली. कीड लागलीच, पण दार आधीच उघडं पडलेलं असतं.

झाडांवरून दिवस ओळखायची पद्धत आमच्या आजोळी होती. पळस पेटला की शिमगा जवळ, कुसुंबाची लाल पालवी म्हणजे पाडवा आला, करवंदं काळी झाली की मुलं सुट्टीला येणार, जांभळं पडायला लागली की वटपौर्णिमा आणि शेणी-लाकडं आत घ्यायची घाई. आजी कालनिर्णय बघायची ती एकादशीपुरती. हे सगळं अजून होतं, पण एकमेकांचा हात सुटल्यासारखं. बहावा मे महिन्यात झुंबरं लावायचा; अलीकडे फेब्रुवारीच्या शेवटी शहरात एखादा बहावा पिवळाधमक झालेला दिसतो आणि सकाळी फिरायला निघालेली मंडळी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. मीही काढते, का काढू नये? फूल ते फूल. पण रानात मध काढणाऱ्या एका माणसाचं बोलणं डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, फुलं लवकर आली याचं माशीला सुखदुःख नाही, सगळी एकदम आली आणि एकदम संपली याचं आहे. पूर्वी एकाचा बहर ओसरायच्या आत दुसऱ्याचा लागायचा, पोळ्याला खंड पडत नव्हता. आता मध्ये मोकळे आठवडे पडतात, तेव्हा पोळं जड होत नाही. हे एका माणसाचं निरीक्षण आहे, त्याला शास्त्र म्हणायचं का, ते शास्त्रज्ञांनी बघावं. मला ते कुठल्याही आलेखापेक्षा नीट कळलं एवढं खरं.

आणि तरी जग हिरवं होत चाललंय, हेही खोटं नाही. नासाच्या उपग्रहांच्या 2000 ते 2017 च्या चित्रांवरून 2019 साली निष्कर्ष निघाला की पृथ्वीवरची पानं वाढली आहेत आणि त्यात चीन आणि भारत आघाडीवर आहेत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ती बातमी तिरंग्यासकट फिरली होती. त्यातली पुढची ओळ कुणी पाठवली नाही: भारतातल्या त्या वाढीत 82 टक्के वाटा शेतीचा, जंगलाचा 4 टक्क्यांच्या आसपास. आम्हाला ते समजून घ्यायला उपग्रह नको. चिकोडी, रायबाग, अथणी, कुठेही जा, एप्रिलच्या उन्हात नजर पोचेल तिथवर ऊस. वरून बघणाऱ्याला तेही हिरवंच. खानापूरकडे ओसाड माळांवर लावलेले ऑस्ट्रेलियन अकेशिया बाराही महिने हिरवे. त्यांच्याखाली पाचोळ्याचा जाड थर, त्यातून गवत वर येत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, पक्षी क्वचित. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखान्यांच्या आधी दहा लाखांत 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय, आणि पानांना तो खाद्य म्हणून मिळतो हेही खरं. काही झाडं त्यावर अंग धरतात. पण खाद्य वाढलं म्हणून तहान भागत नाही.

मामींचा आंबा मला त्या चित्रात दिसतो. उपग्रहाच्या लेखी तो यंदा तब्येतीने उत्तम. मामींच्या लेखी बरणी रिकामी.

काजूचं वेगळंच. मामांनी परड्याच्या वरच्या उतारावर वेंगुर्ला जातीची कलमं लावली आहेत, चंदगडकडच्या पाहुण्यांचं बघून. काजूला उष्म्याचं फारसं वावडं नाही, पण मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा राहिली की ढेकण्या ही कीड येते आणि कोवळे तुरे काळे करून टाकते. दोन रात्रींत होत्याचं नव्हतं. मग फवारे, मग मजूर, मग भाव पडलेला. तरी मामा काजू सोडणार नाहीत, कारण पैसा त्यातच आहे. कलमांच्या मधून मधून मात्र त्यांनी जुना ऐन आणि हिरडा ठेवलाय. कशासाठी, असं विचारलं तर सावलीला म्हणतात, कधी गुरांना पाला म्हणतात, कधी काहीच बोलत नाहीत.

फेब्रुवारीत त्यांच्याशी माझा जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की उष्मा वाढणार हे गृहीत धरून काही ठिकाणी रोपवनांसाठी आता कोरड्या भागातल्या त्याच जातीचं बी आणतात. झाड तेच, पण ज्याच्या आईबापांनी कमी पाण्यात दिवस काढलेत असं. ऐन आपल्याकडे घाटमाथ्यावरही आहे आणि कित्तूरच्या बाजूच्या कोरड्या रानातही आहे. मग उताराच्या रिकाम्या पट्ट्यात तिकडचं बी का घालू नये? आज लावलेला ऐन भरात येईल तेव्हाचा इथला उन्हाळा आजच्यासारखा नसणार. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं, देशावरचं बी ते. इथल्या आषाढात त्याची मुळं कुजतील."

"आणि इथलंच बी पुढच्या उन्हाळ्यांत टिकलं नाही तर?"

"ते बघू की पुढचं पुढं. आणि समजा तुझं ते देशावरचं जगलं, वाढलं, फुललं. त्याचं परागण ह्या जुन्या ऐनाशी झालं. मग खाली जे बी पडंल ते कुठलं म्हणायचं? पाऊस सोसणारं का ऊन सोसणारं? का दोन्ही न सोसणारं?"

मामा कृषी शाळेत काही वर्षं शिपाई होते, त्यामुळे परागण वगैरे शब्द ते सहज वापरतात. आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. जंगलावर काम करणारी माणसंही याच प्रश्नापाशी अडतात: बाहेरचं बी आणून आपण रानाला मदत करतोय की त्याने इथल्या पावसाशी पिढ्यान् पिढ्या जमवून आणलेलं बिघडवतोय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की काही न करणं हेसुद्धा करणंच झालं. ते त्यांना फारसं आवडलं नाही. मामी आतून म्हणाल्या, "लावा नाहीतर लावू नका, खरं त्या पिशव्या वाटेत ठेवू नका कुणी."

मार्चात मी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून कित्तूरकडच्या ऐनाची फळं गोणपाटाच्या पिशवीत आणली. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, कागदासारखे कोरडे, खळखळ वाजणारे. मामांनी आपल्या रानातली त्यांच्या शेजारी ओतली. आकारात फरक असेल असं मला वाटलं होतं, तो दिसला नाही. मिसळली असती तर आम्हा दोघांनाही निवडता आली नसती. मामांनी पंख मोडून बिया भिजत घातल्या, माती आणि शेणखत कालवलं, काळ्या पिशव्या भरल्या. इथल्या पिशव्या गोठ्याच्या भिंतीकडे, तिकडच्या विहिरीकडे. दोन्हींना सारखंच पाणी, अशी अट मी घातली. त्यावर ते म्हणाले, पाणी मी घालणार की तू?

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. विहिरीकडच्या पिशव्यांत कोंब आधी वर आलेत, निम्म्याहून जास्त. मला उगाच विजयी वाटलं आणि ते माझ्या आवाजात उतरलं असणार. मामा म्हणाले, "उगवायचं काय, तणपण उगवतंय. गोठ्याकडचीबी येतील हळूहळू. अजून जुलै काढायचाय त्यांनी इथला. मग बोलू."

आज सकाळपासून कणकुंबीकडे धुवाधार चालू आहे म्हणतात. फोन लागत नाही.